खापरांची भिंत

थोरल्याचा घडा तडकला की तो आधी घड्याकडे बघत नसे, भिंतीकडे बघत असे. भिंतीपलीकडे त्याचा सख्खा धाकटा भाऊ राहायचा, आणि थोरल्याच्या मते जगातल्या सगळ्या तड्यांचा उगम तिथेच होता.

दोघेही मडकी घडवायचे. बापाने मरण्याआधी अंगणाचे दोन भाग करून दिले होते. उगवतीकडचा थोरल्याला, मावळतीकडचा धाकट्याला. दोघांना एकेक चाक, एकेक भट्टी. माती एकाच तळ्याची. पुढे भांडण नको म्हणून मधे बापाने गुडघ्याएवढी भिंतही घातली होती. तिचा उपयोग मात्र दोघी जावांनाच झाला. त्या तिच्यावर दोन बाजूंनी बसायच्या, भाजी निवडायच्या आणि देठांबरोबर आपापल्या नवऱ्याच्या खोडीही एकाच टोपलीत टाकायच्या.

त्या वर्षी ऊन तापू लागलं, पाण्याच्या घड्यांचे दिवस आले, आणि थोरल्याच्या पहिल्याच भट्टीतले काही घडे तडकले. काही घडे कुठल्याही भट्टीत तडकतात. आग काही कुणाच्या घरची मोलकरीण नसते. पण नेमका त्याच दिवशी गाडीवाला आला. हा दोघांचा माल बाजाराला न्यायचा आणि घेण्याआधी प्रत्येक घड्यावर टिचकी मारून कान लावायचा, वैद्याने रोग्याचं पोट वाजवावं तसा.

"धाकट्याचा माल घंटेसारखा वाजतोय," तो म्हणाला. "तुझा यंदा सर्दी झाल्यासारखा वाजतो."

थोरल्याने घंटा आणि सर्दी दोन्ही गिळली. जेवताना ती वर आली.

"काल धाकटी भिंतीवर बसली होती ना?" त्याने बायकोला विचारलं.

"रोजच बसते."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, दादांचे घडे यंदा किती गोल आलेत."

थोरल्याने घास खाली ठेवला. "बघ! संपलं. असं तोंडावर कुणी गोल म्हणतं का? नजर लागली."

"अहो, घड्याला गोल नाही म्हणणार तर काय चौकोनी म्हणणार?"

पण थोरल्याला जे समजायचं ते समजलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने तडकलेले घडे फेकले नाहीत. भिंतीवर उलटे मांडले, फटींत चिखल भरला, वरून खापरं थापली. भिंत कमरेला आली. जावांची बैठक मोडली.

"दादा, काय चाललंय?" धाकट्याने पलीकडून विचारलं.

"डागडुजी," थोरला म्हणाला.

पुढच्या भट्टीत आणखी घडे गेले. थोरल्याला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. कमरेएवढ्या भिंतीवरून नजर येणारच. नजर काही रांगत येत नाही. त्याने तेही घडे भिंतीवर चढवले. भिंत छातीला आली. त्यानंतरच्या भट्टीत त्याहून जास्त गेले, त्यामुळे भिंतीला सामान कमी पडलं नाही. अशी ती डोक्याच्या वर गेली. इतक्या थोड्या खर्चात इतकी उंच भिंत आसपास कुणी बांधली नव्हती.

आता, थोरला आळशी होता म्हणावं तर तसंही नाही. उजाडायच्या आत तो तळ्यावर असे. गुडघाभर चिखलात उभा राहून माती कापायचा, पाट्या डोक्यावरून वाहायचा, अंगणात ओतून पायांनी तुडवायचा. तुडवताना टाचेला खडा लागला की वाकून काढायचा, आणि काढलेला खडा भिंतीपलीकडे भिरकावायचा. टाचांना अशा भेगा होत्या की त्यांत माती वाळून बसलेली असे. चाकावर बसला की मात्र तो निराळाच माणूस व्हायचा. घड्याचं पोट कुणीही फुगवतं. गळा काढणं हे काम. ओल्या मातीला दोन बोटांच्या चिमटीत धरून थोरला असा काही गळा वर ओढायचा की बघणाऱ्याने आपलाच गळा चाचपावा. हा हात बापाचा होता, आणि बापाकडून फक्त त्याच्याकडे आला होता. पोटाला आतून गोटा लावून बाहेरून थापीने थापटायचं, पोट पातळ करायचं, मग घडे अंगणात रांगेने सुकत मांडायचे. हे सगळं तो चोख करायचा. डोळे तेवढे भिंतीवर.

भिंतीत त्याने एका बूड फुटलेल्या घड्याचं तोंड आडवं बसवलं होतं. वाऱ्यासाठी, असं तो म्हणायचा. त्या भोकाला डोळा लावला की धाकट्याच्या अंगणाचा वाटोळा तुकडा दिसे. त्या तुकड्यात रोज सकाळी धाकटीचे पाय दिसायचे. दोन्ही काखांत कच्चे घडे घेऊन ती भिंतीकडून घराकडे जायची. दुपार झाली की तेच घडे घेऊन घराकडून भिंतीकडे.

"मिरवते," थोरला बायकोला म्हणाला. "माल नीट निघतोय ना, म्हणून मला दाखवायला फेऱ्या मारते."

"एवढ्या उंच भिंतीतून तिला काय माहीत तुम्ही बघताय?"

"बघणाऱ्याला बघणारा कळतो."

बायकोने कपाळावरचा घाम पदराने पुसला. तिचं आपलं दुसरंच काहीतरी चाललं होतं. ती घडे उचलायची, मांडायची, भट्टीत रचायची, आणि फुटलेले बाहेर काढायची. त्यामुळे तिला काही गोष्टी दिसल्या होत्या. "एक सांगू? भिंतीलगतची रांग भट्टीतच फुटते."

"फुटणारच. भिंतीलगत राहतं कोण?"

"आणि सगळ्यात लांबची रांग शाबूत राहते."

"कारण नजर तिथवर पोचत नाही! मी इतके दिवस वेगळं काय सांगतोय?"

"आणि मधल्या रांगेला तडा जातो तो गळ्यालाच."

हे ऐकून थोरल्याचा चेहरा उजळला. मनातलं दुखणं अखेर कुणीतरी ओळखलं होतं. "गळ्यालाच! का? माझा गळा त्याला जन्मात जमला नाही म्हणून! डोळा नेमका तिथेच!"

बायको घडे मांडायला लागली. ज्या माणसाला प्रत्येक पुरावा सोयीचा पडतो त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

गाडीवाला पुन्हा आला तेव्हा त्याने टिचक्याही मारल्या नाहीत. रांगेवरून नुसती नजर फिरवली, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझा सगळा चांगला माल हल्ली भिंतीतच दिसतोय."

"पुढच्या खेपेला बघ."

"पुढची खेप शेवटची. निम्मा माल असाच निघाला तर मी तुझ्या दारात गाडी थांबवणार नाही. रागावू नको. धाकट्याला हात कमी पडतात. तो दुसरं चाक मांडायचं म्हणतोय. तू तिथे बस. दिवसभर फिरव, संध्याकाळी मजुरी घे. डोक्याला ताप नाही."

गाडी पुढे जाऊन धाकट्याच्या दारात थांबली तेव्हा तो उठला, भोकाला डोळा लावला आणि धाकट्याचे घडे गवतात गुंडाळून गाडीत चढताना बघत राहिला. प्रत्येक टिचकी त्याला ऐकू आली. प्रत्येक टिचकी घंटेसारखी वाजली.

संध्याकाळी पलीकडून आवाज आला. भिंतीमुळे माणूस दिसत नव्हता.

"दादा, तो गाडीवाला काहीतरी बोलला म्हणे. मनाला लावून घेऊ नको. पण तुला वाटलंच, तर माझ्याकडे जागा आहे."

आवाज मऊ होता. शिवीने थोरल्याचं पित्त एवढं खवळलं नसतं.

"जागा? जागा कुणाची रे?"

"बापाचीच."

"मग तू कोण देणारा?"

पलीकडे पाय घुटमळले. काहीतरी बोलायचं असावं, पण धाकटा बोलला नाही. पाय निघून गेले.

"चाक सोडून मी मरेन," थोरला बायकोला म्हणाला, "पण त्याच्या अंगणात मजुरीने बसणार नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही नाचायचं सोडून अंगणच अडवून बसलात."

थोरला विचाराला लागला. माती तीच, तळं तेच, बाप तोच. मग फरक कुठे? फरक एकच होता. धाकटा आणि धाकटी दर रविवारी प्रार्थनाघरात जायचे. काही वर्षांपूर्वी ख्रिस्ती होऊन ते प्रभूचे झाले होते. थोरल्याने आजवर तिकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. पण आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: हा तिथे जाऊन काहीतरी मागून आणतो. बहुतेक आपल्याविरुद्धच.

"मग आपणही जाऊ, मागू," बायको म्हणाली. तिला तसंही एका जागी टेकायला मिळालं असतं तर हवंच होतं.

"मागायला नाही. तो काय मागतो ते ऐकायला."

प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. बाकं थोडी, माणसं त्याहून थोडी, समोर भिंतीवर साधा लाकडी क्रूस. कोपऱ्यात पाण्याचा घडा होता. थोरल्याने तो दारातूनच ओळखला. धाकट्याच्या हातचा. देवाच्या घरातसुद्धा ह्याचाच माल! तहान लागली होती तरी तो पाणी प्यायला नाही.

पाळक आठवडाभर छत्र्या आणि कंदील दुरुस्त करायचा. त्याच्या बोटांना रॉकेलचा वास असे. माणसंही दुरुस्त करता का, असं कुणी थट्टेने विचारलं तर म्हणायचा, "ते काम वरच्याचं. मी नुसतं झाकण उघडून देतो."

गाणी झाली. मग कबुलीची वेळ आली. तिथली रीत अशी होती की ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं, आठवड्यात आपलं काय चुकलं ते प्रभूपुढे मोठ्याने सांगायचं आणि खाली बसायचं. एकच अट. दुसऱ्या कुणाचा उल्लेख करायचा नाही. नाव नाही, नातं नाही, 'एक जण' असंसुद्धा नाही.

एक बाई उठली. "मी दुधात पाणी घातलं."

"प्रभू, दया कर," सगळे म्हणाले.

एक दांडगा माणूस उठला. "मी भरलं ताट भिरकावलं."

ताटात काय होतं, कुणी वाढलं होतं, खारट होतं की अळणी, काही नाही. थोरल्याला ही कबुली फारच अर्धवट वाटली. मुद्द्याचं सगळं गाळून हा काय सांगतोय?

मग धाकटा उठला. थोरल्याने कान टवकारले.

"मी भितो," धाकटा म्हणाला. "जे बोलायला हवं ते बोलत नाही." आणि बसला.

बस, एवढंच! थोरल्याविरुद्ध एक अक्षर नाही. आपण एवढे लांब चालत आलो ते फुकट, असं थोरल्याला वाटलं. त्यातून धाकट्याला 'दया कर' मिळाली आणि आपल्याला नाही, हेही त्याला सहन होईना. तो उभा राहिला. बायकोने त्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं, ते त्याने सोडवून घेतलं.

"मी फार सोसलं," तो म्हणाला.

"ही चूक नाही," पाळक शांतपणे म्हणाला.

"बरं. मी काही लोकांवर विश्वास टाकला..."

"दुसऱ्याचा उल्लेख नाही."

"मी नाव कुठे घेतलं?"

"काही लोकही नकोत."

"मग माणसाने बोलायचं तरी काय?"

"आपलं," पाळक म्हणाला.

थोरल्याने तोंड उघडलं. "मी..." त्याने मनात शोधलं. आत वाक्यांची रास होती, वर्षानुवर्षं साठवलेली, घासूनपुसून ठेवलेली. एकेक उचलून बघितलं तर प्रत्येकात धाकटा बसलेला. "मी..." तो पुन्हा म्हणाला. पत्र्यावर एक कावळा चालत गेला. त्याची नखं सगळ्यांना ऐकू आली. थोरला खाली बसला. बायको जमिनीकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला, तो केवळ हट्टाने. एक वाक्य! धाकट्याला जे जमतं ते आपल्याला जमत नाही म्हणजे काय? पण पुन्हा 'मी'च्या पुढे गाडी सरकली नाही. गळा काढण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं त्याच्या गळ्यातून एक वाक्य निघेना.

मधल्या एका दिवशी पाळक स्वतःच अंगणात आला. हातात कुणाचा तरी दुरुस्त केलेला कंदील होता. भिंतीकडे त्याने बराच वेळ बघितलं. उलट्या घड्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "प्रभूने सांगितलेली एक गोष्ट आहे. एका बापाचे दोन मुलगे. धाकटा घर सोडून गेला, उधळून परत आला. बापाने आनंदाने घरात जेवण घातलं, गाणी लावली. थोरला शेतावरून आला, आवाज ऐकला आणि रुसून दाराबाहेरच उभा राहिला. आत जाईना."

"बरोबरच आहे त्याचं," थोरला म्हणाला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "हे तुला धाकट्याने सांगितलं."

"गोष्ट फार जुनी आहे. तुम्ही दोघं नव्हता तेव्हाची."

"मग बापाने काय केलं?"

"बाप बाहेर आला. त्याच्यासाठी. म्हणाला, पोरा, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. आत चल."

थोरला मातीचा गोळा या हातातून त्या हातात करत राहिला. "मग गेला का आत?"

"ते सांगितलेलं नाही."

"असं कसं? गोष्ट सांगायची तर पुरी सांगावी."

"मलाही तसंच वाटायचं," पाळक उठत म्हणाला. "हल्ली वाटतं, तो अजून दारातच असेल. आणि बापही."

शेवटच्या खेपेचे घडे अंगणात सुकत होते. बायको तळ्यावर गेली होती. दुपार कलली होती. थोरला रांगांमधून फिरत एकेक घडा बघत होता, आणि मधल्या रांगेत त्याला दिसलं: एका गळ्यावर केसाएवढी रेघ. त्याच्या पुढच्यावरही. तिसऱ्यावर अजून नव्हती, पण येणार हे त्याला कळलं.

भिंत आता डोक्याच्या वर होती. आणखी चढवायची तर शिडी लागली असती. त्याने शिडीचा विचार केला, खरंच केला, आणि त्या विचाराचाच त्याला थकवा आला. धाकट्याच्या अंगणात दुसरं चाक मांडलेलं, त्यावर आपण बसलेलो, संध्याकाळी धाकटा मऊ आवाजात मजुरी हातावर ठेवतोय, हे सगळं त्याला दिसलं. तो दोन रांगांच्या मधे मटकन खाली बसला. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून गुडघे टेकले. त्याने डोळे मिटले.

"मी," तो म्हणाला. पुढे धाकटा आला. त्याला त्याने बाजूला सारलं. "मी." पुन्हा धाकटा. "मी चांगला माणूस आहे, पण..." त्या 'पण'च्या मागे तर धाकटा सहकुटुंब उभा होता.

मग हळूच, भोकातून ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तो म्हणाला, "प्रभू, मला माझ्याबद्दल एकसुद्धा वाक्य येत नाही. सगळी त्याच्याबद्दलचीच आहेत. आयुष्यभर मी तीच घडवली. तू मला एक दे. लहानसं असलं तरी चालेल."

कुठून आवाज आला नाही. आभाळ होतं तसंच राहिलं. लांब कुणाचंतरी लाकूड फोडणं चाललं होतं, तेही थांबलं. आणि मग थोरल्याच्या तोंडातून वाक्य निघालं.

"मी भिंत बांधली."

त्याने ते मनात उलटंसुलटं करून बघितलं. त्यात धाकटा नव्हता. वाक्य खरं होतं आणि पुरं होतं. त्याच्यामागून दुसरं आलं, तिसरं आलं.

"मी ती उंच केली. मी रोज तिच्यातून बघितलं. मी जळतो. प्रभू, मी फार जळतो. दया कर."

'दया कर' हे एरवी बाकीच्यांनी म्हणायचं असतं. इथे कुणी नव्हतं, म्हणून तेही त्यानेच म्हटलं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलं नाही. हात मातीचे होते.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपली टाळू चटचट तापली आहे आणि गुडघे मात्र गार पडले आहेत.

त्याने डोळे उघडले. भिंतीची सावली अंगणात आली होती. ती त्याच्या गुडघ्यांवर होती, पोटावर होती. डोकं उन्हात होतं. शेजारी घडा होता. त्याचंही पोट सावलीत होतं आणि गळा उन्हात. त्याच्या पलीकडचाही तसाच. सबंध रांग तशीच, पोटं गार आणि गळे तापलेले. भिंतीलगतची रांग तर पुरती बुडालेली, ओलीगार. ती भट्टीत फुटणार नाही तर काय करणार? आणि लांबची रांग दिवसभर उन्हात, सुखरूप.

कच्चा घडा सगळीकडून सारखा सुकला पाहिजे. एक भाग आधी वाळला, एक मागे राहिला, की तडकला. हे बापाने त्याला चाकावर बसवण्याआधी शिकवलं होतं. हे त्याने स्वतः धाकट्याला शिकवलं होतं.

बायको पाटी घेऊन परत आली तेव्हा नवरा पहारीने भिंत पाडत होता. तिने पाटी खाली ठेवली. पदर खोचला आणि खापरं उचलायला लागली.

आवाज ऐकून पलीकडे दोघं बाहेर आले. भिंत छातीपर्यंत उतरली तसे ते दिसले: धाकटा, कोपरापर्यंत माती; धाकटी, एक हात कमरेवर.

"दादा?" धाकटा म्हणाला.

थोरला धापा टाकत होता. पहिलं वाक्य तोंडात आलं ते जुन्या सवयीचं. ते त्याने गिळलं. "एक विचारतो. ही रोज सकाळी घडे घेऊन घराकडे जाते, दुपारी परत आणते. कशाला?"

धाकटा पायाने माती उकरू लागला. धाकटीने मात्र इतके दिवस धरून ठेवलेला श्वास सोडला. "कशाला म्हणजे? सकाळी तुमच्या भिंतीची सावली आमच्या अंगणात पडते दादा. घडे उन्हात न्यायला नकोत? दुपारी घराची सावली पडते, मग पुन्हा इकडे. माझी कंबर गेली हो घडे वाहून!"

थोरल्याने पहार टेकवली. त्या भोकातून त्याने इतके दिवस रोज सकाळी ते पाय बघितले होते. एकदाही त्याला त्या पायांचं ओझं दिसलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाही?" तो भावाला म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू आणखी हातभर चढवली असतीस."

थोरल्याने प्रामाणिकपणे विचार केला. "दोन हात," तो म्हणाला.

धाकटा हसला. आधी नाकातून, मग मोकळा. त्याने आपल्या बाजूने खांदा लावला, थोरल्याने इकडून ओढली, आणि भिंतीचा एक मोठा तुकडा खणखणत खाली आला. गुडघ्याएवढी उरली तेव्हा ते थांबले. ती बापाची होती. थोरलीने तिच्यावरची माती हाताने झटकली आणि बसली. धाकटी दुसऱ्या बाजूने बसली. भाजी नव्हती, पण निवडायला बरंच साठलं होतं.

गळ्याला रेघ गेलेले कच्चे घडे थोरल्याने पाण्यात टाकले. भाजलेलं खापर काही केल्या पुन्हा माती होत नाही, पण कच्च्याला ती सोय असते. बसल्या बसल्या ते विरघळले. त्याने तीच माती पुन्हा तुडवली, पुन्हा चाकावर घेतली. नवी रांग मोकळ्या अंगणात सुकली. भट्टी रचताना त्याने देवाकडे घडे मागितले नाहीत. बायकोने मागितले; तिला सवय नव्हती, तरी मागितले.

भट्टी निवून उघडली त्याच दिवशी गाडीवाला आला. थोरला दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. गाडीवाल्याने पहिल्या घड्याला टिचकी मारली आणि कान लावला. दुसऱ्याला मारली. रांग संपेपर्यंत थोरल्याने चौकट सोडली नाही. एक घडा तेवढा मुका निघाला.

"सर्दी गेली," गाडीवाला म्हणाला आणि गवत पसरायला लागला.

माल नीट निघाला, आता हा कसला प्रार्थनाघरात येतो, असं लोकांना वाटलं. थोरलीलाही वाटलं. पण रविवारी तो तिच्याआधी तयार होता. पुढे त्याने आणि तिने, दोघांनी बाप्तिस्मा घेतला, तोही मातीच्या तळ्यातच. पाळकाने त्याला पाण्यात बुडवून वर काढलं तेव्हा तो कानांपर्यंत चिखलाने भरला होता.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच," थोरली म्हणाली, "तळ्यात उतरून रिकाम्या हाताने वर आलात." पण हे म्हणता म्हणता ती पदराने त्याच्या कानांतला चिखल पुसत होती.

त्यानंतरच्या रविवारी कबुलीची वेळ झाली तसा थोरला उभा राहिला.

"मी जळतो," तो म्हणाला. "भिंत पाडली तरी जळतो. आज सकाळीसुद्धा जळलो. मी थोडं कमी जळावं."

"प्रभू, दया कर," सगळे म्हणाले. तो बसला.

मागच्या बाकावर हालचाल झाली. धाकटा उठला होता. त्याने घसा खाकरला. त्याचे कान लाल झाले होते.

"मीसुद्धा जळतो," तो म्हणाला. "लहानपणापासून. तो गळा मला येत नाही. कितीदा केला, रात्रंदिवस केला, येत नाही. बापानंतर तसा गळा फक्त..."

"उल्लेख नाही," पाळक म्हणाला.

"घड्याच्या गळ्याबद्दल बोलतोय."

"ते कळलं. तरी नको."

"मी जळतो," धाकटा म्हणाला आणि बसला.

"प्रभू, दया कर," सगळे म्हणाले.

थोरल्यानेही म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. पण त्याच वेळी त्याच्या टाचांच्या भेगांपासून काहीतरी गोड, ऊबदार वर चढू लागलं. ते गुडघ्यांत आलं, पोटात आलं, गळ्याशी आलं. त्याने चेहरा गंभीर ठेवला आणि समोरच्या क्रूसाकडे एकटक बघत राहिला.

"हसताय?" बायकोने कानाशी विचारलं.

"छे," थोरला म्हणाला.

पुढच्या रविवारचं वाक्य मात्र त्याच्याकडे आत्ताच तयार होतं.